आठ सप्टेंबरच्या आत

केनर,
२० जुलै, रविवार

प्रिय रेइनाताई,

सुयापाची माउली तुम्हां सगळ्यांना सुखरूप ठेवो. तुझा गुडघा कसा आहे? मागे पाठवलेलं मलम लावतेस की कपाटात ठेवून दिलंस? इथे उकाडा आपल्या चोलुतेकासारखाच आहे, फक्त ओला. कपडे दोरीवर वाळतच नाहीत. माझी तब्येत बरी आहे. नाओमीचीही. ती परवा पंधरा वर्षांची झाली. ड्रेस मीच शिवला, फिका निळा, मागे बारीक बटणांची ओळ. फोटो तुला पाठवलेच आहेत. तू उत्तरात अंगठा पाठवलास. चालतं.

हे पत्र तिबुर्सियोकाका आणून देतील. तू त्यांना ओळखत नाहीस. आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, मूळचे आपल्याकडच्या एल त्रिउन्फोचे, एकाहत्तर वर्षांचे. मी आले त्याच वर्षी तेही आले. ते कायमचे परत निघालेत. मी म्हटलं, "काका, अजून दीड महिना आहे, घाई कशाला?" तर म्हणाले, "मला कोणी घालवायच्या आत मी आपणहून निघतो. उजेडात, बॅग घेऊन, डोक्यावर टोपी घालून. पोलिसांच्या गाडीत बसून नाही जायचं मला." त्यांना कॉफी दे. साखर तीन चमचे घेतात, लाजून एकच सांगतील.

फोनवर आपलं बोलणं हवेवर सुरू होतं आणि हवेवरच संपतं, म्हणून लिहायला बसले.

बातमी तुला टीव्हीवर कळलीच असेल. आपल्या लोकांना इथे राहायला आणि काम करायला जे तात्पुरतं संरक्षण दिलं होतं, ते आठ सप्टेंबरला संपतंय. वादळ झालं तेव्हा दिलं होतं. दर दीड वर्षाने वाढवत वाढवत सव्वीस वर्षं झाली. दर दीड वर्षाने रांग, बोटांचे ठसे, नवीन कार्ड, आणि त्या कार्डावरचा माझा प्रत्येक वेळी थोडा म्हातारा झालेला फोटो. मी त्या वर्षी फेब्रुवारीत दोन वर्षांसाठी म्हणून निघाले आणि ऑक्टोबरात आपलं घर नदीने नेलं. ज्या वादळाने तुम्हांला शाळेच्या वर्गात जमिनीवर झोपवलं, त्याच वादळाने मला इथला कागद दिला. हे मी तुझ्याशी कधी बोलले नाही. तूही नाहीस.

मागच्या शनिवारी चर्चच्या सभागृहात एक वकीलबाई आल्या होत्या. तरुण आहेत, माझ्या ओल्विनपेक्षाही लहान असतील. फळ्यावर त्यांनी कामं लिहून दिली. पासपोर्ट नवा करा. गाडी कोणाच्या नावावर करायची ते ठरवा. औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा. लोक मान खाली घालून लिहून घेत होते, शाळेत असल्यासारखे. मागच्या बाकावरून रंगारी फाबियो म्हणाला, "बाई, तात्पुरतं म्हणजे नेमकं किती, हे तेव्हाच कोणी सांगितलं असतं तर मी घर नसतं घेतलं. निदान स्वयंपाकघराला टाइल्स तरी नसत्या लावल्या." सगळे हसले. त्याची बायको हसली नाही.

मग त्यांनी एकेक फॉर्म वाटला. तुम्हांला अचानक नेलं, तर तुमच्या मुलाची जबाबदारी कोण घेईल. नाव, पत्ता, फोन, नोटरीसमोर सही. माझ्या शेजारच्या बाईने भरभर लिहिलं. माझा फॉर्म अजून पर्समध्ये कोराच आहे. नाओमीचा बाप टेक्सासला गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती. त्याचा फोनही माझ्याकडे नाही.

मला एका जागी बसवत नाही गं ताई. या आठवड्यात फ्रीज तीनदा पुसला. कारखान्यात मिस ओडील मला बघत असते. तिच्याकडे मी अठरा वर्षं कार्निव्हलचे झगे शिवतेय आणि परवा मी एका बाहीला उलटी बाजू जोडली. तिने शिवण उसवली आणि कापड परत माझ्यासमोर ठेवलं. फेब्रुवारीत मिरवणुकीत लोक हे झगे घालतील. मी कॉलरला टिकल्या लावत होते आणि मनात येत होतं, मला हे बघायला मिळणार नाही. मग वाटलं, अठरा वर्षांत तरी कुठे नीट बघितलं? त्या दिवसांत आम्हांला ओव्हरटाइम असतो.

विचारायचं ते विचारते. तुमच्या मागच्या अंगणाकडची खोली रिकामी आहे का? मी फक्त विचारतेय. अजून काही ठरलेलं नाही.

ओल्विनला एवढ्यात काही सांगू नकोस.

तुझी,
डेल्मी


केनर,
१० ऑगस्ट, रविवार

प्रिय ताई,

तिबुर्सियोकाका सुखरूप पोचले हे तुझ्या निरोपावरून कळलं. तुझा तो आवाजातला निरोप मी चार वेळा ऐकला. मागे कोंबडी ओरडतेय आणि तू म्हणतेस, "खोली रिकामी आहे. माझी असती तर कधीच उघडून दिली असती. पण घर ओल्विनचं आहे. विटा त्याने रचल्यात. त्याला तू विचार. मी मध्ये पडणार नाही."

बरोबर आहे तुझं. पण मी त्याला अजून फोन केलेला नाही. तीनदा नंबर काढला. त्याच्याशी मी काय बोलते तुला माहीत आहे. "कसा आहेस?" "बरा." "ट्रक नीट चालतो ना?" "चालतो." मग तो म्हणतो, "आईला देऊ का फोन?" आणि तुझ्याकडे देतो. तो तुला आई म्हणतो. मला काहीच म्हणत नाही. त्याची वाक्यं अशी असतात की त्यात मला हाक मारायची वेळच येऊ नये.

हे पत्र पार्सलच्या गाडीने पाठवतेय, सोबत टॉवेल आणि तुझ्या गोळ्या आहेत.

मिस ओडीलने मला मंगळवारी बोलावलं. पाच सप्टेंबर माझा शेवटचा दिवस. त्यापुढे मला कामावर ठेवणं कायद्यात बसत नाही. तिने हे सांगितलं आणि खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पोरीचं काय?" मी म्हटलं, ठरलेलं नाही. ती म्हणाली, "माझ्याकडे ठेव. मला मूलबाळ नाही, पण स्वयंपाक येतो, आणि शाळेची बस कोपऱ्यावर थांबते. तीन वर्षांनी तिची शाळा संपेल. कुठे सही करायची ती दाखव." ती सत्तरीला आली आहे, ताई. अठरा वर्षांत माझ्याशी फारशी गोड बोललेली नाही. मी रिकाम्या हातांनी उभी होते. मग जाऊन मशीनवर बसले आणि ती कॉलर पुरी केली.

आता माझ्यासमोर दोन वाटा आहेत. वकीलबाईंनी दोन्ही सांगितल्या, सल्ला दिला नाही. एक, आठ तारखेच्या आत आपण होऊन निघायचं. नाओमीला घेऊन, किंवा तिला इथे ठेवून. ती इथलीच नागरिक आहे, येऊ-जाऊ शकते. मी एकदा गेले की परतीचं दार कितीतरी वर्षं बंद. दुसरी वाट म्हणजे इथेच राहायचं, कागदाशिवाय. कुणाच्या घरी धुणीभांडी करायची आणि दारावर टकटक झाली की श्वास रोखायचा.

नाओमीला मी म्हटलं, "आपण दोघी जाऊ. मावशी आहे, भाऊ आहे." ती म्हणाली, "तुझं सगळं ठरलंय ना? मग मला सांगतेस कशाला, बॅग भर म्हणून सांग." मी म्हटलं, "मग मिस ओडीलकडे राहशील?" तर तिने माझ्याकडे असं बघितलं, ताई. शांतपणे म्हणाली, "ओल्विन तीन वर्षांचा होता. मी पंधराची. यात सुधारणा आहे म्हणायची."

मी तिला थप्पड मारली नाही. हात उचलला होता.

आणि हे सगळं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरगी जुन्या कागदांची फाइल घेऊन बसली.

वकीलबाईंना सगळे जुने कागद क्रमाने लावून हवे होते. नाओमी असल्या कामात हुशार आहे. जमिनीवर सगळं पसरून वर्षांप्रमाणे लावत होती. मी भात लावला होता. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात एक कागद. म्हणाली, "ही तिकडे जाऊन परत यायची परवानगी आहे. तुझा फोटो आहे. दोन हजार दहा, दोन एप्रिल."

मी म्हटलं, "असेल."

"आजी त्याच महिन्यात गेली ना?"

"हो."

"तू तर नेहमी सांगतेस, तुला जाऊ दिलं नाही."

मी गॅस बंद केला. भात अर्धा कच्चाच राहिला, तो आम्ही दुसऱ्या दिवशी टाकला.

ताई, हे वाचताना तू बसलेली असशील तर बसूनच राहा. मला परवानगी मिळाली होती. आई गेली त्याच्या सतरा दिवस आधी तो कागद माझ्या घरात होता. तू रोज फोन करत होतीस आणि मी रोज सांगत होते, अजून आला नाही. एकोणीस तारखेला तू म्हणालीस, "आई गेली, आता तरी निघ." मी म्हटलं, निघते. तू झिंग्यांच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणवल्यास आणि आईला आणखी एक दिवस ठेवलंस. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये. लोक काय बोलले असतील ते मला कळतं. आणि दुसऱ्या दिवशी मी तुला सांगितलं की त्यांनी नाकारलं.

कोणी नाकारलं नव्हतं. मीच गेले नाही.

स्वतःला मी आजवर सांगत आले की विमानतळावरून परत आत घेतील याची खात्री नव्हती. कागद असूनही अडवतात, असं लोक बोलायचे. ते खोटं नाही, पण तेवढंच असतं तर मी आले असते. नाओमीचा जन्म त्या जुलैचा. तू तेव्हाच बोटांवर महिने मोजले असशील, विचारलं मात्र कधी नाहीस. मला सहावा लागला होता. झाकता येण्यासारखं राहिलं नव्हतं. मी शिवणकाम करणारी बाई, मी तीन-तीन झगे घालून आरशात बघितले. ओल्विन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. बारा वर्षांनी आई दारात येते आणि तिच्या पोटात दुसरं मूल असतं, जे तिच्याजवळ राहणार आहे. मी त्याच्यासमोर कशी उभी राहणार होते? आईच्या शवपेटीपेक्षा मला त्या पोराच्या नजरेची भीती जास्त वाटली. हे खरं आहे. यापुढे जाऊन खरं सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

आईने शेवटी माझं नाव घेतलं होतं का, हे मी तुला कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही.

नाओमीने सगळं ऐकलं. म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे." मी म्हटलं, तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. तिला पटलं नसावं. दोन दिवस ती जेवण ताटात घेऊन खोलीत जात होती. तिसऱ्या दिवशी मी तिच्या दाराबाहेर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "मी ओल्विनला विचारलं नव्हतं, तो लहान होता. तुला विचारते. मी काय करू? तू सांगशील तसं करीन." ती दारापाशी आली. मग म्हणाली, "मला विचार करू दे. आणि सारखी येऊन विचारू नकोस."

तर आता मी थांबले आहे. भिंतीवर कॅलेंडर आहे, त्याच्याकडे बघत नाही, तरी किती दिवस उरलेत ते माहीत असतं. काल पडदे धुतले. ते घर सोडताना धुवायचे असतात की नसतात, हेच मला कळेना.

ओल्विनला सांगायचं की नाही, ते तू ठरव. माझ्यासाठी लपवू नकोस. तू माझं पुष्कळ उचललंस.

खोलीचं आता विचारत नाही.

तुझी धाकटी,
डेल्मी


केनर,
३१ ऑगस्ट, रविवार

ओल्विन,

'चिरंजीव' लिहायला घेतलं आणि तो कागद फाडला. तू एकतीस वर्षांचा होशील. तुला मी पहिल्यांदाच पत्र लिहितेय. खेळणी, बूट, वह्या पाठवल्या, त्यात चिठ्ठी कधी घातली नाही. पार्सलवाले वजन बघतात असं मी म्हणायचे. एका चिठ्ठीचं काय वजन असतं?

हे पत्र तुझी बहीण फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवेल. माझं अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे.

दोन आठवडे ताईकडून एक शब्द आला नाही. मला वाटलं, संपलं. कारखान्यात मी फोन मशीनच्या डाव्या बाजूला ठेवायचे आणि दर ओळीला बघायचे. मिस ओडीलने शेवटी तो उचलून खिशात घातला. म्हणाली, "वाजला तर देते. तू पंधरा कॉलर बिघडवल्यास." मग निरोप आला तो असा: "तुझं पत्र आलं. मला चष्मा सापडत नव्हता, म्हणून ओल्विनकडून वाचून घेतलं." ताईचा चष्मा तिच्या गळ्यात दोरीने बांधलेला असतो, हे मला फोटोंवरून माहीत आहे. तुलाही माहीत असणार. तरी तू वाचलंस. ती म्हणाली, बर्फाचं आलं तिथे तू थांबलास, मग पुढचं सगळं न थांबता वाचलंस, आणि कागद घडी करून तिच्या हातात देऊन ट्रक धुवायला गेलास.

सोमवारी संध्याकाळी तुझं नाव माझ्या फोनवर आलं तेव्हा मी ओट्यापाशी होते. तू म्हणालास, "नाओमी आहे का?" मी म्हटलं, आहे. फोन तिला दिला. तिने दार लावून घेतलं. चाळीस मिनिटं. मी कांदा चिरत होते, मग चिरलेलाच परत बारीक केला. मधे एकदा ती हसली. बाहेर आली तेव्हा मी म्हटलं, काय बोललात? "आमचं आमचं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तो म्हणतो मी स्पॅनिश गाढवासारखं बोलते. मी म्हटलं, निदान मी दोन भाषांत गाढव आहे."

तू तिला आणखी काय सांगितलंस ते तिने मला सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही. मला तेवढं कळतं आता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघताना दप्तर पाठीवर घेऊन तिने मला उत्तर दिलं. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते. "तू इथे लपून राहिलीस, तर मी रोज शाळेतून येताना तू घरात आहेस की नाही हेच बघत येणार. बसमध्ये बसल्यापासून. मला ते नको. तू तिकडे असलीस तर तू कुठे आहेस ते मला माहीत असेल. तू जा. मी मिस ओडीलकडे राहते. नाताळला येते. आणि तू मला टाकून गेलीस असं कोणी म्हटलं तर मी सांगेन, मी पाठवलं."

मी काही बोलायच्या आत बस आली.

तर फॉर्मवर आता मिस ओडीलचं नाव आहे. बुधवारी नोटरीसमोर सह्या झाल्या. मिस ओडील त्यासाठी चर्चची टोपी घालून आली होती. नाओमीची खोली तिने रंगवून घेतली, विचारलं नाही, पिवळा दिला. नाओमीला पिवळा आवडत नाही. दोघींचं त्यावरून सुरूही झालंय. ते ऐकून मला जरा बरं वाटलं. जिथे भांडता येतं तिथे पोरगी राहील.

वकीलबाई म्हणाल्या, कोर्टात दावे चालू आहेत, कदाचित तारीख बदलेल. फाबियो त्या 'कदाचित'वर थांबला आहे. मला आता थांबवत नाही. तिकीट सहा सप्टेंबर, शनिवारचं आहे. पालमेरोला विमानतळावर दुपारी दोन चाळीसला उतरते.

मी बसने चोलुतेकाला येणार होते. मग काल तुझा निरोप आला. दोनच ओळी होत्या. "ट्रक घेऊन येतो. गर्दी असते, कपडे कोणते घालणार ते कळव."

ते वाचून मी पलंगाच्या कडेवर बसले. नाओमी म्हणाली, "काय झालं?" मी तिला फोन दाखवला. तिने वाचलं आणि माझ्या शेजारी बसली. तू बरोबरच विचारलंस. फोनवरच्या चौकटीत दिसणारं तोंड वेगळं, आणि माणसांच्या लोंढ्यातून चालत येणारी बाई वेगळी. मलाही तू उभा राहतोस कसा, चालतोस कसा, ते माहीत नाही. तुझ्याजवळून निघाले तेव्हा तू माझ्या गुडघ्याएवढा होतास आणि तुझ्या एका पायात चप्पल नव्हती.

मी दोन गोष्टी आधीच सांगते, म्हणजे गाडीत तुला अवघड होणार नाही. मला मिठी मारायची गरज नाही. आणि रस्ताभर गप्प बसायचं असेल तरी चालेल. मी खिडकीतून बघेन. ती खोली तू मला द्यायलाच हवी असं नाही. ताईच्या खाटेशेजारी जमिनीवरही माझं भागेल. कामाला मला मशीन मिळालं की पुरे. तुझी आजी शिवायची तसे गणवेश शिवेन. तुझ्या घरात मी कोण, हे मी सांगणार नाही. तुझ्या बायकोला, शेजाऱ्यांना तू जे सांगशील ते मी असेन.

माफी मागायला मी येत नाही. मागितली की समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. तुला ते ओझं नको.

मी राखाडी स्कर्ट घालेन आणि पांढरा ब्लाउज, कॉलरवर निळा धागा आहे, मीच भरलाय. केस आखूड आहेत, अर्धे पांढरे. उंचीला मी आता फारशी नाही. एक लाल बॅग असेल, चाकांची. दारातून बाहेर आले की मी खांबापाशी एका जागी उभी राहीन, इकडेतिकडे जाणार नाही. तुला उशीर झाला तरी तिथेच असेन.

तुझ्या जन्मदाखल्यावर जिचं नाव आहे ती,
डेल्मी